हयातीचा दाखला घरच्या फोनवरून: आमच्या गल्लीत आम्ही असा काढतो

आमच्या वाळवा तालुक्यात साखर कारखान्यातून निवृत्त झालेली माणसं गल्लोगल्ली आहेत. पीएफची पेन्शन तुटपुंजी, पण औषधगोळ्या तिच्यावरच चालतात. ती चालू राहायला वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि तो आता नेटवरून जातो. म्हणून नेट ही तरुण पोरांची चैन आहे असं कुणी म्हणालं की मला राग येतो.

माझे सासरे, दादा, बॉयलरवर होते. त्यांचे अंगठे मशीनवर उठत नाहीत. कष्टाच्या हातांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. 2014 साली ‘जीवन प्रमाण’ ही नेटवरून हयातीचा दाखला द्यायची सरकारी सोय सुरू झाली तेव्हा बोटांचं नाहीतर डोळ्यांचं यंत्र लागायचं. 2021 पासून साध्या अँड्रॉइड फोनच्या कॅमेऱ्याला चेहरा दाखवून काम होतं. ॲपवर एक रुपयाही लागत नाही.

आधी आधार कार्ड, पेन्शनचा पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचा नंबर) आणि बँकेचं पासबुक एका पिशवीत घ्या. आधार पेन्शन खात्याला जोडलंय का, हे बँकेत विचारून ठेवा. ओटीपी तुम्ही भराल त्या नंबरवर येतो, तेव्हा तो फोन जवळ हवा आणि त्यात रिचार्ज हवा. आमच्याकडे घरात रेंज येत नाही, आम्ही गच्चीवर बसतो.

प्ले स्टोअरवरून ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन ॲप घ्या. पहिलं उघडून काही करायचं नाही, ते मागून काम करतं. दुसरं सुरुवातीला ‘ऑपरेटर’ विचारतं, म्हणजे फोन हाताळणारा माणूस. तिथे मी माझा आधार नंबर भरून माझाच चेहरा दाखवते. तेवढं झालं की त्याच फोनवरून शेजारच्या काकींचाही दाखला निघतो.

मग पेन्शन घेणाऱ्याचा आधार नंबर, मोबाईल नंबर, ओटीपी. पुढच्या फॉर्मवर घाई करू नका. नाव आधारवर आहे तसंच लिहा. पेन्शन मंजूर करणारं कार्यालय आणि पैसे देणारी बँक या दोन रकान्यांत गफलत झाली तर दाखला भलतीकडे जातो. पीपीओचे आकडे दादा मोठ्यानं वाचतात आणि मी भरते. कुणाचंही काम असो, कागद त्यांच्याच हातात ठेवा. आपल्या पैशाचं काय चाललंय ते त्यांना कळायलाच हवं. फॉर्ममध्ये पुनर्विवाहाचाही प्रश्न असतो. नवऱ्यामागं पेन्शन घेणाऱ्या बायकांना मी तो आधीच सांगून ठेवते. म्हाताऱ्या बाईला तो एकदम विचारला की तिच्या काळजाला लागतं.

चेहरा दाखवताना टोपी आणि चष्मा काढा, उजेड तोंडावर येऊ द्या, पाठीमागे खिडकी नको. डोळ्यांची उघडझाप करावी लागते. फोटो काढायचाय म्हटलं की आमची जुनी माणसं डोळे ताणून बसतात. त्यांना सांगा, सावकाश मिटा आणि उघडा.

काम झालं की मेसेजवर प्रमाण आयडी, म्हणजे दाखल्याचा नंबर, येतो. तो पासबुकाच्या मागच्या पानावर तारखेसह लिहा. एवढ्यावर निर्धास्त होऊ नका, कारण कार्यालयाकडून दाखला नाकारलाही जाऊ शकतो. काही दिवसांनी जीवन प्रमाणच्या संकेतस्थळावर किंवा बँकेत खात्री करा. पीएफवाल्यांचा दाखला दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो, महिना कुठलाही असो. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना नोव्हेंबर ठरलेला आहे, 80 वर्षांपुढच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो.

‘पेन्शन बंद होईल, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर तो चोराचाच समजा. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून ॲप घेऊ नका. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, त्याच घडीला 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन लावा.

घरात फोन नसेल किंवा माणूस अंथरुणाला खिळलेला असेल, तर पोस्टात चौकशी करा. पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन दाखला काढून देतो. पैसे किती लागतील ते आधी विचारा आणि पावती मागून घ्या.