फणसोंबा कसा ओळखायचा, कसा उगाळायचा

वारुळावर येते ती अळमी वेगळी हां, ती भाजीची. मी सांगतोय ते जुन्या फणसाच्या खोडाला चिकटलेलं लाकडासारखं कडक अळंबं, त्याला फणसोंबा म्हणतात. ह्याची भाजी करायला गेलात तर दात तुटतील.

आकार घोड्याच्या खुरासारखा, वरून काळपट आणि भेगाळलेला, खालची बाजू पिवळट तपकिरी, आणि तिथे अळमीसारखे पडदे नसतात, बारीक बारीक भोकं असतात. कापला की आत गंजासारखा रंग. हा वर्षानुवर्षं वाढतो, म्हणून आत थर पण दिसतात. मऊ, ओला, वास मारणारा असेल तर सोडून द्या. आणि फणसावरूनच काढा, दुसऱ्या झाडावरचा तसाच दिसला तरी नको, काजऱ्यावरच्याला (काजरा म्हणजे कुचला, विषारी झाड) तर मी हातसुद्धा लावत नाही.

कोयत्याने अलगद सोडवायचा, खोडाला जखम करायची नाही. ब्रशने माती झाडून चार-पाच दिवस कडक उन्हात घालायचा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा. नंतर डब्यात तपकिरी भुगा पडलेला दिसला तर कीड लागली समजा, फेकून द्या.

वापर मुख्यतः तोंडासाठी, म्हणजे तोंड आलं, हिरड्या दुखतायत, पोरांची लाळ फार गळतेय असं काही असलं की. सहाण धुवून घ्या (चंदनाची चालेल, मसाल्याची नको), उकळून गार केलेलं पाणी थोडंसं घ्या आणि दोन-तीन वळसे द्या, तेवढंच गंध पुरतं. बोटाने हिरडीला लावायचं. चव तुरट लागते. जुन्या बायका जुलाबालाही द्यायच्या पण मी नाही देत, जुलाबाला सरळ ओआरएस. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला काहीच चाटवू नका, आणि जिभेवर पांढरे चट्टे किंवा ताप असेल तर डॉक्टरच. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील त्यांनीही आधी विचारून घ्या.

ह्याच जातकुळीतल्या फेलिनस रिमोसस नावाच्या अळंब्याचे केरळात उंदरांवर प्रयोग झालेत, लिव्हरला फायदा दिसला, पण म्हणून कोणी काढा करून प्यायला लागू नका, उंदीर वेगळे आपण वेगळे.

आणि हो, फणसोंबा आला म्हणजे ती बुरशी आतलं लाकूड खातेय. खोडावर थाप मारून बघा, पोकळ वाजलं आणि झाड घराकडे कललेलं असेल तर पावसाआधी त्या बाजूच्या फांद्या उतरवून घ्या.