उशाशी एक वही ठेवा

सराव अति झाला की सकाळची नाडी अनेकदा चढते; ते वेळीच कळावं म्हणून ही वही. सकाळी जाग आली की उठून बसायच्या आधी दोन बोटं मनगटावर ठेवा आणि पूर्ण 60 सेकंद नाडी मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका; एक ठोका चुकला की चारचा फरक पडतो, आणि आपण शोधतोय तो फरकच पाच-सात ठोक्यांचा असतो. आकडा वहीत लिहा. शेजारी झोप किती झाली, पाय कसे आहेत, सरावाला जावंसं वाटतंय का, हेही दोन शब्दांत लिहा. पहिले दोन-तीन आठवडे नुसतं लिहीत राहा, म्हणजे तुमचा नेहमीचा आकडा कळेल.

मी 800 मीटर पळणाऱ्या मुलामुलींना शिकवते. त्यातल्या एकीची नाडी कायम 52-53 असायची. स्पर्धा जवळ आली तशी वहीत 57, 59, 58, 60 दिसायला लागलं. शेजारी ‘पाय जड’. 400 मीटरची फेरी ती 70 सेकंदांत मारायची, ती 73 वर गेली. वेळ वाढली म्हणून तिने फेऱ्या वाढवल्या, आणि मी अडवलं नाही. इतकं मनापासून झटणाऱ्या पोरीला ‘थांब’ म्हणायला माझी जीभ रेटली नाही. ती पूर्ववत व्हायला तीन महिने गेले.

ताकद वाढते ती सरावानंतरच्या जेवणात, झोपेत आणि सुट्टीत. म्हणून आता माझ्याकडे नियम आहे: नाडी सलग तीन दिवस पाचाहून जास्त चढलेली आणि सोबत झोप किंवा उत्साह बिघडलेला, तर घड्याळ काढून ठेवायचं. गप्पा मारता येतील इतक्या हळू अर्धा तास पळायचं, नाहीतर सरळ सुट्टी. नुसत्या आकड्यावर जाऊ नका. ताप येणार असला, पाणी कमी पडलं, तरी नाडी चढते. आणि काहींची तर अजिबात चढत नाही, तरी अंगात त्राण नसतं.

साधा थकवा दोन-चार दिवसांत उतरतो. दोन आठवडे हलकं घेऊनही पाय हलके होत नसतील तर डॉक्टरांकडे जा. अतिसराव दाखवणारी एकच एक रक्ततपासणी नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड बघत इतर कारणं वगळावी लागतात. मुलींनो, पाळी थांबली तर ‘सरावाने होतंच’ म्हणून सोडून देऊ नका. बहुतेकदा मेहनतीच्या मानाने खाणं कमी पडत असतं, आणि त्याची किंमत हाडं मोजतात.

कठीण सराव लागोपाठ दोन दिवस नको. तीन आठवडे चढवत नेला की चौथ्यात साधारण एक तृतीयांश कमी करा.

त्या मुलीला मी आधी फक्त चालायला लावलं, रात्री नऊ तास झोपायला लावलं. नाडी 54 वर उतरली तरी पळू दिलं नाही. मग एका सकाळी वहीत आकड्याशेजारी तिने लिहिलं, ‘पळावंसं वाटतंय’. त्या दिवशी 20 मिनिटं, अगदी सावकाश.