अमळनेरहून जर्मनीत नांदायला जाताय? मग हे वाचून जा

जर्मन मुलाशी माझं लग्न ठरलं तेव्हा आजीने एकच विचारलं होतं, "आखाजीले कशी येशी व माय?" तेव्हा आम्ही सगळे हसलो. आता सहा वर्षं झाली इथे येऊन आणि वाटतं की व्हिसाच्या अख्ख्या फॉर्मपेक्षा तो प्रश्न भारी होता. आपल्याकडे पोरगी अमळनेरहून चोपड्याला दिली तरी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, भाऊ तिला माहेरी आणायला मुराळी म्हणून जातो, मग चार दिवस झोके, सांजोऱ्या, आमरस, आणि सासरचं जे काय साचलंय ते आईजवळ ओकून पोरगी मोकळी होते. इथे स्टुटगार्टजवळच्या गावात मुराळी येत नाही. म्हणून माझा सगळा सल्ला एकाच हिशोबाने आहे, नवऱ्याच्या देशात नवऱ्यावाचून आपलं काय काय चालेल ते आधी बघा. नवरा चांगला असला तर जास्तच बघा, कारण चांगला नवरा सगळं करून देतो आणि मग दोन वर्षं झाली तरी आपल्याला दाताच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट फोनवर घेता येत नाही.

आधी कागद. भारतात लग्न करणार असाल तर स्पेशल मॅरेज ॲक्ट, 1954 खाली नोटीस द्यावी लागते, दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात आधी किमान 30 दिवस राहिलेला पाहिजे, आणि नोटीस लागल्यावर परत 30 दिवस थांबायचं. म्हणजे पंधरा दिवसांची सुट्टी काढून आलेल्या जर्मन नवरदेवाच्या भरवशावर हॉल बुक करू नका. जन्मदाखला, दहावीचं सर्टिफिकेट, पासपोर्ट हे तिन्ही समोरासमोर ठेवून एकेक अक्षर जुळवून बघा. आपल्याकडे मधलं नाव बापाचं, लग्नानंतर नवऱ्याचं, कुठे आडनाव आधी कुठे शेवटी, आणि तिकडच्या साहेबाला यातलं काहीच माहीत नसतं, त्याला वाटतं या तीन वेगळ्या बाया आहेत. शिक्के मारून देणारे एजंट भरपूर भेटतील, पण वकिलातीच्या वेबसाईटवरची यादी वाचल्याशिवाय एकही शिक्का मारू नका, प्रत्येक देशाला वेगळं काहीतरी लागतं.

डिग्रीची एक गंमत सांगते. माझी डिग्री उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची, आणि 2018 मध्ये विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं. आनंदच झाला होता, पण मी मार्कांचे कागद नंतर मागवले तर त्यावर नवीन नाव, डिग्रीवर जुनं, आणि इकडे डिग्रीची मान्यता काढताना ही दोन्ही एकच हे समजावून सांगायला मला दीड पान लिहावं लागलं. तुमचंही तसं असेल तर भारतातून निघायच्या आधीच विद्यापीठातून नाव बदलल्याचं पत्र घेऊन ठेवा, जळगावला एक चक्कर होईल पण पुढचा ताप वाचेल.

आता भाषा. जर्मन नागरिकाच्या बायकोला किंवा नवऱ्याला व्हिसासाठी साधारणपणे ए-वन, म्हणजे जर्मनच्या सगळ्यात पहिल्या पातळीची परीक्षा लागते, 100 पैकी 60 ला पास. क्लास आणि परीक्षेसाठी पुण्या-मुंबईचं मॅक्स म्युलर भवन. तोंडी परीक्षेत स्वतःची ओळख करून द्यायची असते आणि एखादा शब्द स्पेलिंग करून सांगायला लावतात, एखादा नंबर पण सांगायला लावतात, तर आपलं नाव-आडनाव जर्मन अक्षरांत घडाघडा म्हणायची सवय करा, मी बसस्टँडवर उभी राहून करायचे, लोक बघायचे. आणि घाबरू नका कारण मराठी माणसाला जर्मन इंग्रजीवाल्यांपेक्षा सोपी जाते असं माझं ठाम मत आहे. त्यांच्यातही तीन लिंगं आहेत, पुल्लिंग स्त्रीलिंग नपुंसकलिंग, चमचा त्यांच्याकडेही 'तो'च. मुलगी मात्र 'ते', पण आपण नाही का 'पोरगं' म्हणत. आकडेही आपल्यासारखे, आधी एकं मग दहं, 'एक आणि वीस' म्हणजे एकवीस, इंग्रजीवाले इथे कायम अडखळतात. तू आणि तुम्ही वेगळं आहे. फक्त सासूला नावाने हाक मारून तू म्हणायचं, ते माझ्या जिभेला सहा महिने जमलं नाही, मी हाक न मारता समोर जाऊन उभी राहायचे.

खरा धक्का पुढे बसतो. ए-वन ची शुद्ध जर्मन घेऊन मी उतरले आणि इथे सगळे बोलतात श्वेबिश, म्हणजे या भागातली बोली. म्हणजे एखादा पुण्यात मराठी शिकून अमळनेरच्या बाजारात आला आणि समोरची बाई अहिराणीत भाव सांगतेय तसं. दर दुसऱ्या शब्दाला 'ले' लावतात, छोट्याशा घराला 'हॉयस्ले'. आपल्या अहिराणीत 'माले-तुले', अर्थ वेगळा पण कानाला इतकं ओळखीचं वाटलं की मला एकदम बरं वाटलं. तर जिथे जाणार तिथली बोली आधीच कानावर घाला, लोकल रेडिओ ऐका, नवऱ्याला सांगा की आईशी फोनवर बोलताना स्पीकर चालू ठेव.

पोचल्यावर पहिलं काम आनमेल्डुंग, म्हणजे राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, घरमालकाचा सहीचा कागद लागतो. आणि त्याच दिवशी पोस्टाच्या पेटीवर आपलं आडनाव चिकटवा!! हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. पोस्टमन पेटीवरचं नाव बघून पत्र टाकतो, मी लग्नानंतर आडनाव बदललं नाही, पेटीवर फक्त नवऱ्याचं, आणि माझी पत्रं परत जात होती. टॅक्स नंबर पोस्टाने, बँकेचा पिन पोस्टाने, अपॉइंटमेंट पोस्टाने, हा देश पोस्टावर चालतो. तीन आठवडे मी वाट बघत बसले आणि कारण काय, एक चिकटपट्टी.

नंतर बँकेत स्वतःच्या नावाचं खातं. जॉइंट असेल तर असू दे, पण एक फक्त तुमचं पाहिजे. नवरा सरकारी हेल्थ इन्शुरन्समध्ये असेल आणि तुमची कमाई नसेल किंवा अगदी थोडी असेल तर तुम्ही त्याच्यातच फुकट बसता, प्रायव्हेटमध्ये असेल तर वेगळा काढावा लागतो, हे आधी विचारा. भारतातलं लायसन्स राहायला लागल्यापासून सहा महिने चालतं, मग लेखी आणि गाडीची दोन्ही परीक्षा परत. लेखी मराठीत नाही हिंदीतही नाही, इंग्रजीत आहे. त्या सहा महिन्यांतच उरकून टाका.

इंटिग्रेशन कोर्स मिळाला तर सोडू नका. 600 तास भाषा, 100 तास देशाचा इतिहास कायदा वगैरे, शेवटी 33 प्रश्नांची परीक्षा, 15 बरोबर आले की पास, पण 17 आणा कारण तेच पुढे नागरिकत्वाला चालतं. नवरा म्हणेल घरी मी शिकवतो. तो शिकवत नाही, दोन दिवसांनी दोघं इंग्रजीत भांडता. आणि कोर्सचा खरा फायदा भाषा नाहीच, तिथे सगळेच माझ्यासारखे उपरे. माझी इथली पहिली मैत्रीण सीरियाची, आम्हा दोघींना मिळून धड एक वाक्य येत नव्हतं पण तिने भरलेली वांगी डब्यात आणली आणि झालं.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर या भागात केरवॉखे असतो, केराचा आठवडा, आपल्या कानाला भाषांतर लागतच नाही. बिल्डिंगमध्ये पाळीपाळीने जिना झाडायचा पुसायचा, तुमची पाळी आली की दारावर पाटी लटकते. सकाळी उठून अंगण झाडून सडा टाकणाऱ्या घरातली मी, मला काय जड. पहिल्याच आठवड्यात कठड्यासकट पुसून काढलं तर खालच्या मजल्यावरची म्हातारी जी कधी हॅलो म्हणत नव्हती ती केक घेऊन आली. रविवारी मात्र मिक्सर, ड्रिल असला आवाज नको, दुकानंही बंद, शनिवारीच भाजी आणा.

बॅगेत काय न्यायचं. तूप आणि पेढे नाही, युरोपच्या बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, कस्टमवाले काढून घेतात. बिबड्या, उडदाचे पापड, काळा मसाला, कळण्याचं पीठ घ्या. शेवभाजी जमते. भरीत हे दुःख आहे. वांगी मिळतात ती काळी किडमिडी, आपली हिरवी-पांढरी जळगावची नाहीत, आणि शेगडी विजेची. ओव्हनमध्ये 220 वर पाऊण तास ठेवा, शिजतं छान पण धुराचा वास नाही, आणि घरात धूर केला तर छतावरचा अलार्म अख्खी बिल्डिंग उठवतो. उपाय म्हणजे उन्हाळ्यात सासूच्या बागेतली कोळशाची ग्रिल. कपाशीच्या काड्यांची सर येत नाही, पण सासूने दोनदा घेतलं.

दोन गोष्टी ज्या कोणी बोलत नाही. निघायच्या गडबडीत घरचे एखादं हक्कसोडपत्र नाहीतर कुलमुखत्यारपत्र सहीला पुढे करतात, 'तू तर चाललीच तिकडे'. वाचल्याशिवाय सही नाही. परदेशी राहणाऱ्याला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मात्र येते, म्हणजे एकदा सोडलेली सहज परत मिळत नाही. दुसरं म्हणजे तुमचा इथला राहायचा परवाना लग्नावर असतो, साधारण तीन वर्षं इथे एकत्र संसार झाल्यावर तो तुमचा स्वतंत्र होऊ शकतो, आणि घरात मारहाण असेल तर त्याआधीही वाट आहे. 116016 हा बायकांसाठीचा फुकट नंबर आहे, दिवसरात्र चालतो. मला कधी लागला नाही, पण मोबाईलमध्ये सेव्ह आहे.

डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. मे महिन्यात 45 डिग्री काढलेल्या माणसाला थंडी चालते, अंधार चालत नाही. दुपारी जेवून बाहेर पडायचंच, पाऊस असला तरी. घरच्यांशी बोलायची वेळ ठरवा, उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक आणि हिवाळ्यात साडेचार, आईला दर वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी परत समजवावं लागतं.

आणि पहिल्या पगारापासून तिकिटाचे पैसे वेगळे काढा, आपल्या खात्यात, दर महिन्याला, थोडे का होईना. आखाजी कधी एप्रिलात येते कधी मे मध्ये, कॅलेंडर निघालं की तारीख बघून सुट्टी टाकायची, नंतर तिकीट महाग होतं. यंदा भाऊ म्हणत होता मुंबईला घ्यायला येतो. म्हटलं नको, रात्रीच्या गाडीचं तिकीट माझं मी काढलंय, तू सकाळी अमळनेर स्टेशनवर ये, मुराळी तेवढ्यापुरता हो.