देवळाजवळचं जुनं दुकान दुरुस्त करायचंय? परवानगी अशी काढा

आमचं किराणा दुकान कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या हलशीत, भूवराह नरसिंहाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर आहे. जांभ्याच्या भिंती चिखलमातीत रचलेल्या, वर मंगळुरी कौलं, आणि समोर दुकान बंद करायला लावायच्या नऊ सागवानी फळ्या. प्रत्येक फळीच्या वरच्या टोकाला आजोबांनी पटाशीनं १ ते ९ आकडे कोरलेत, कारण क्रम चुकला की शेवटची फळी खाचेत बसतच नाही. दोन पावसाळे मागची बाजू गळायली होती म्हणून काम काढायचं ठरलं, तेव्हा काकांनी विचारलं, "काय करूलालास रे, देवळाजवळ आहे, आधी परवानगीचं बघ की." तिथून पुढं जे शिकलो ते सगळं लिहितोय, खानापूर-बेळगाव भागात अशी जुनी दुकानं बऱ्याच जणांची आहेत.

पहिलं काम म्हणजे आपण नेमके कुठल्या हद्दीत येतो ते बघणं. आपलं दुकान स्वतः संरक्षित नसतं, शेजारचं देऊळ किंवा बस्ती (जैन मंदिर) असते. हलशीचं देऊळ, देगावचं कमल नारायण, बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती ही एएसआयकडं (केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडं) आहेत, यांचं ऑफिस म्हणजे धारवाड सर्कल. प्राचीन स्मारकांचा १९५८ चा कायदा २०१० मध्ये बदलला तेव्हापासून अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटर हा प्रतिबंधित भाग, आणि त्याच्या पुढचे २०० मीटर नियंत्रित भाग. अंतर सरळ रेषेत मोजतात, गल्लीतून वळून चालत गेल्यावर होतं ते नाही, आणि देवळाच्या दारापासून पण नाही, हद्दीच्या दगडापासून किंवा कुंपणापासून. आम्ही गल्लीनं मोजून १२० मीटर धरलेलं, सरळ रेषेत ८० च्या आतच निघालं, म्हणजे आम्ही पक्के प्रतिबंधित भागात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि आम्ही इथंच आपटलो. कायद्यात बांधकाम, पुनर्बांधकाम आणि दुरुस्ती-नूतनीकरण हे तीन वेगवेगळे शब्द आहेत. जुनं पाडून तेवढ्याच लांबी-रुंदी-उंचीचं परत उभं केलं तर आपल्याला वाटतं की नवीन काय केलं, पण कायद्यात ते पुनर्बांधकाम धरतात आणि १०० मीटरच्या आत ते होत नाही. दुरुस्ती-नूतनीकरण मात्र होतं, फक्त इमारत १६ जून १९९२ च्या आधीची पाहिजे, किंवा नंतरची असेल तर तेव्हा रीतसर मंजुरी घेऊन बांधलेली पाहिजे. नियंत्रित भागात परवानगी घेऊन पुनर्बांधकाम काय, नवीन बांधकाम पण करता येतं. आमचा पहिला अर्ज एका अर्ज लिहून देणाऱ्यानं केला, त्यानं सवयीनं लिहून टाकलं "जुने दुकान काढून त्याच जागी नवीन बांधणे", आम्हाला खरं तर छप्पर आणि मागची एक भिंतच करायची होती. अर्ज नामंजूर झाला आणि एक अख्खा सीझन गेला, त्या पावसाळ्यात ताडपत्री घालून साखरेची पोती पुढच्या खोलीत ओढत बसलो. म्हणून अर्जातलं कामाचं वर्णन स्वतः वाचा, दुसऱ्यावर सोडू नका, आणि जे करायचंय तेवढंच लिहा: सडलेले वासे बदलणे, कौलं काढून परत घालणे, मागच्या भिंतीचा ढासळलेला भाग त्याच दगडात नीट करणे.

१९९२ च्या आधीचा पुरावा म्हणून आम्ही केईबीचं (तेव्हाच्या कर्नाटक वीज मंडळाचं) जुनं लाइट बिल आणि पंचायतीच्या घरपट्टीच्या पावत्या लावल्या. आजोबांचं खरेदीखत मराठीत आहे, १९५६ च्या आधी हा भाग मुंबई राज्यात होता त्यामुळं कित्येकांचे जुने कागद मराठीत असतात, काहींचे तर मोडीत, ते तसेच टाकून देऊ नका. कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर करून नोटरी करून जोडा. गावात असाल तर ई-स्वत्तूचा (पंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचा) फॉर्म ९ आणि ११, शहरात असाल तर सीटीएस (सिटी सर्व्हे) उतारा आणि टॅक्स भरल्याची पावती. नावं सगळीकडं एकच आहेत ना ते बघा, आजोबांच्या नावावरच उतारा असेल तर आधी वारसा लावून घ्या.

नकाशा इंजिनिअरकडून करा, पण टेप धरायला स्वतः उभे रहा. आहे तसा प्लॅन, समोरची बाजू, एक सेक्शन (उभा छेद), आणि त्याच मापात होणारं काम. काढायचा भाग पिवळ्या आणि नवीन भाग लाल रंगात दाखवला की बघणाऱ्याला लगेच कळतं. उंची दोन प्रकारे द्यावी लागते, एक टाकी-पॅरापेट सोडून आणि एक धरून, बरेच जण दुसरी विसरतात. फोटो चारी बाजूंनी काढा, त्यात एक असा की ज्यात दुकान आणि देऊळ दोन्ही दिसतील. उपग्रह नकाशावर अंतराची रेष मारून ते पण जोडा.

अर्ज ऑनलाइन जातो, राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या पोर्टलवरून, राज्यातल्या सक्षम अधिकाऱ्याकडं. त्यांनी तो १५ दिवसांत दिल्लीला प्राधिकरणाकडं पाठवायचा, प्राधिकरणानं २ महिन्यांत मत द्यायचं, मग महिन्याभरात निर्णय. म्हणजे कागदावरच साडेतीन महिने. खानापूरकडचा पाऊस माहीतच आहे सगळ्यांना, त्यामुळं दिवाळीच्या आधी अर्ज टाकला तर शिमग्याच्या सुमारास कागद हातात येतो आणि वळवाच्या आधी कौलं चढतात.

हा कागद आला म्हणजे सगळं झालं असं नाही, तो फक्त ना-हरकत असतो. बांधकामाचं लायसन्स वेगळं, गावात ग्रामपंचायत, बेळगावात महानगरपालिका, कॅम्पात असाल तर कॅन्टोन्मेंट बोर्ड. दोन्ही हातात आल्याशिवाय एक कौल पण हलवू नका. विनापरवानगी काम केलं तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्याहून वाईट म्हणजे अर्धवट उघडं छप्पर घेऊन बसावं लागतं.

काम करताना समोरची बाजू शक्यतो हलवू नका हे मी मनापासून सांगतो. मिस्त्री म्हणाला फळ्या काढून रोलिंग शटर लावू. आम्ही शटर लावलं, पण नकाशात दाखवून, फळ्यांच्या आतल्या बाजूनं, त्यामुळं दिवसा खांब आणि खाचा दिसतात आणि रात्री फळ्या लागतात. जांभ्यावर आणि मातीच्या जोडावर सिमेंटचा गिलावा करू नका, आत ओल अडकते आणि दोन-चार वर्षांत पापुद्रे सुटतात, चुन्याचाच करा, चुना मळणारा माणूस मिळेपर्यंत थांबावं लागलं तरी थांबा. नवीन बोर्ड लावणार असाल तर त्यावर ६० टक्के कन्नड लागतं, ते पेंटरला आधीच सांगा.

आमची कौलं मार्चमध्ये चढली. फळी नंबर ४ खालून किडली होती, सुतारानं तेवढाच तुकडा कापून जुन्या सागवानाचं ठिगळ जोडलं, वरचा आकडा तसाच आहे.