एम्युलेटर टाकूनही प्रोग्राम चालत नाही? या चुका टाळा

प्रोग्राम उघडला नाही की बरेच जण एम्युलेटर, म्हणजे दुसऱ्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, बदलत बसतात. एक काढला, दुसरा टाकला, मग तिसऱ्याचा शोध. त्याआधी गाडी नेमकी कुठे अडली ते बघा. प्रोसेसर वेगळा आहे, ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी आहे, की दोन्ही? एवढं नक्की झालं की कोणतं साधन लागेल हे बहुतेक वेळा आपोआप कळतं.

वाइनचंच घ्या. १९९३ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवतो, पण तो एम्युलेटर नाही. प्रोग्राम विंडोजकडे जे मागतो ते वाइन लिनक्सकडून मिळवून देतं. प्रोसेसरला दिलेल्या सूचना मात्र जशाच्या तशा चालतात. म्हणून एआरएम प्रोसेसरच्या मशीनवर नुसतं वाइन टाकून इंटेलसाठी बनलेला प्रोग्राम चालत नाही. तिथे बॉक्स६४ किंवा क्यूएमूसारखं, त्या सूचनांचं भाषांतर करणारं साधन सोबत लागतं. आणि वाइन सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी लिनक्सची आज्ञा) लावून कधीच चालवू नका. फाइलींची मालकी रूटकडे, म्हणजे प्रशासकाच्या खात्याकडे जाते आणि पुढे साध्या वापरकर्त्याला तोच प्रोग्राम उघडता येत नाही.

क्यूएमू फारच हळू चालत असेल तर केव्हीएम, म्हणजे आतल्या सिस्टिमला खरा प्रोसेसर थेट वापरू देणारी लिनक्सची सोय, सुरू आहे का बघा. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय बंद असणं हे नेहमीचं कारण. पण पाहुण्या (आत चालणाऱ्या) सिस्टिमचा प्रोसेसर यजमानापेक्षा (खऱ्या मशीनपेक्षा) वेगळ्या जातीचा असेल, तर केव्हीएमचा उपयोग नाही. तो वेग मान्य करावाच लागतो.

सगळ्यात जास्त गोंधळ डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, प्रोग्रामांचा, आणि मला सगळ्यात जास्त जिव्हाळाही त्यांचाच. डॉसबॉक्स या डॉसच्या एम्युलेटरमध्ये 'सायकल्स'चा आकडा जितका मोठा तितकं चांगलं, असं समजून लोक तो 'मॅक्स'वर ठेवतात. हा आकडा म्हणजे एका मिलिसेकंदात साधारण किती सूचना चालवायच्या त्याचं माप. जुने खेळ प्रोसेसरच्या वेगावरच स्वतःचा वेळ मोजत. पहिल्या आयबीएम पीसीचा वेग होता ४.७७ मेगाहर्ट्झ. अशा खेळाला मोकळं सोडलं तर पात्रं डोळ्यांना दिसायच्या आत पडद्याबाहेर जातात. कंट्रोल धरून एफ११ दाबलं की वेग कमी होतो, एफ१२ दाबलं की वाढतो. ३००० पासून सुरू करा आणि हळूहळू चढवत न्या.

'रनटाइम एरर २००' हीसुद्धा वेगाचीच तक्रार. टर्बो पास्कल या जुन्या प्रोग्रामिंग साधनात लिहिलेले बरेच प्रोग्राम सुरू होताना एक रिकामी फेरी किती वेळा फिरते ते मोजतात आणि त्या संख्येला ५५ ने भागतात. मशीन फार वेगवान असेल तर भागाकार १६ बिटांत मावत नाही. संदेश 'शून्याने भागाकार' असा येतो, पण शून्य कुठेच नसतं. लोक फाइल खराब आहे समजून नवी प्रत शोधत राहतात, आणि उपाय फक्त सायकल्स कमी करण्याचा असतो!

विंडोज ९५ च्या काळातल्या सीडींची गंमत वेगळी. आतला प्रोग्राम ३२ बिटांचा, पण इन्स्टॉलर १६ बिटांचा. ६४ बिटांचं विंडोज १६ बिटांचं काहीच चालवत नाही, त्यामुळे कंपॅटिबिलिटी मोड (जुन्या विंडोजसारखं वागण्याची सेटिंग) कितीही बदलला तरी हाती काही लागत नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे मशीनच्या आत चालणाऱ्या आभासी मशीनमध्ये, ३२ बिटांचं विंडोज टाका.

मॅकवर २०२० पासून आलेल्या एम मालिकेच्या एआरएम प्रोसेसरांवर रोझेटा २ हे अ‍ॅपलचं भाषांतराचं साधन इंटेलचे प्रोग्राम छान चालवतं. अडतं ते प्लगइनपाशी, म्हणजे अ‍ॅपला जोडायच्या पुरवणी प्रोग्रामपाशी. एकाच प्रोसेसमध्ये इंटेलचा आणि एआरएमचा कोड एकत्र नांदत नाही, म्हणून मूळ अ‍ॅप एआरएमचं आणि प्लगइन जुनं इंटेलचं असेल तर ते बहुतेक वेळा यादीत दिसतच नाही. अ‍ॅपच्या माहितीच्या खिडकीत 'रोझेटा वापरून उघडा' हा पर्याय असेल तर त्यावर खूण करून बघा. कर्नल एक्स्टेन्शनचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला जोडलेल्या कोडचं, भाषांतर मात्र रोझेटा करत नाही. त्यामुळे जुन्या उपकरणाचा ड्रायव्हर त्यावर अवलंबून असेल, तर कितीही वाट पाहिली तरी तो चालणार नाही.

शेवटची चूक मी स्वतः केली आहे. एम्युलेटरचं 'सेव्ह स्टेट' सोपं वाटलं, म्हणून कित्येक आठवड्यांचं काम त्यातच ठेवत गेलो. एम्युलेटरची नवी आवृत्ती टाकली आणि जुनी स्टेट उघडेचना. सेव्ह स्टेट म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीचं चित्र. आवृत्ती बदलली की ते वाचता येईलच असं नाही. प्रोग्रामच्या स्वतःच्या 'सेव्ह'मधून फाइल साठवा, ती यजमान मशीनवरच्या फोल्डरमध्ये उतरवा आणि मगच एम्युलेटर अपडेट करा.