कोकणात आराखड्याचं काम करायचंय? आधी पऱ्या ओळखा

एम. प्लॅन (नगर नियोजनातली पदव्युत्तर पदवी) झालंय, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर येतं आणि कोकणातल्या एखाद्या नगरपरिषदेच्या विकास आराखड्यावर काम मिळालंय, असं गृहीत धरतो. सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, तुम्हाला ठाऊक असेलच.

घोळ होतो तो पऱ्यात, म्हणजे पावसाळ्यापुरत्या वाहणाऱ्या ओढ्यात. पावसाळ्यात ढगांखाली काही दिसत नाही, म्हणून उपग्रहाची चित्रं आपण उन्हाळ्याकडची घेतो. तेव्हा पऱ्या कोरडा. नकाशावर झुडपांची रांग तेवढी उमटते, वरचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, 'पडीक' म्हणून रंगतो आणि पडीक दिसलं की निवासी पट्टा टाकायला हात शिवशिवतात. मी यात पुरता अडकलोय, म्हणून लांबण लावतोय. जांभा पाणी मुरवतो आणि खालच्या वाडीच्या विहिरींना पुरवतो. त्यावर काँक्रीट ओतलंत की पावसाळ्यात लोंढा आणि मार्चनंतर विहिरीत खडखडाट.

शोधायचा कसा? सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीखाली न येणारं क्षेत्र, बघा, त्यातही वर्ग 'ब'. वर्ग 'अ' म्हणजे खडकाळ, लागवडीला नालायक जमीन. 'ब' म्हणजे रस्ता, पायवाट, तळं, ओहोळ असं सार्वजनिक वापरातलं क्षेत्र. लागून असलेल्या गटांत थोडाथोडा 'ब' दिसला तर ते तुकडे गट नकाशावर जोडा. पऱ्या नाहीतर पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, निघते. पण 'ब' नाही म्हणून पऱ्या नाही, असं अजिबात समजू नका. पाऊस लागला की चालत जा, मोरीच्या तोंडाशी उभे राहा, पाइप केवढा आणि पाणी केवढं ते बघा. नकाशात न आलेल्या पऱ्यापासून अंतर सोडायला कोणी बांधणारा तयार होत नाही.

मोठ्या पाण्याला पूररेषा आहेत. निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. पण रेषेवर विसंबून भरती विसरू नका. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे दिवस. वाशिष्ठी दाभोळच्या खाडीत उतरते. खाली भरती असली की वरचं पाणी तुंबतं. कोळ्यांचा हिशोब पाठ करा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास.

पहिली दोन वर्षं मोठ्या सल्लागार कंपनीत काढा, असं सगळे सांगतात. मला नाही पटत. जुन्या अहवालात गावाचं नाव बदलायला तेवढं शिकाल. त्यापेक्षा एखादा निवृत्त भूकरमापक गाठा, त्याला चहा पाजा आणि गप्प बसून ऐका.

पहिला पावसाळा जड जातो, सगळ्यांनाच. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींचा ढीग पडतो, लोक अंगावर येतात. बिचकू नका. 'आमच्या आगराच्या कडेने पाणी वाहते, रस्ता टाकू नये' असे हाताने लिहिलेले अर्ज वेगळे काढा आणि सुनावणीआधी त्या जागा पायाखालून घाला. सुटलेले पऱ्ये तिथेच सापडतात.