गस्तीच्या गाडीवर ड्युटी आहे? या चुका टाळा

खासगी सुरक्षेच्या गस्तीच्या गाडीवर नवीन आलेला ड्रायव्हर सुरुवातीला हमखास एक चूक करतो. तो राउंड भराभर उरकतो. हात चांगला असतो, रस्ता पाठ झालेला असतो, प्रत्येक पॉइंटवर टॅग, म्हणजे तिथे पोचल्याची नोंद, वेळेत लागतो. सकाळी मात्र कळतं की मागच्या कुंपणाची जाळी रात्रीच कापली होती आणि गाडी तिच्या शेजारून चार वेळा गेली होती. या नोकरीत पगार किलोमीटरचा मिळत नाही, बघण्याचा मिळतो. बहुतेक चुका हे विसरल्यामुळेच होतात.

मोकळ्या आवारात ताशी ४० किलोमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण त्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे जाते. कुलूप लागलंय की नुसतं अडकवलंय हे कळेपर्यंत दार केव्हाच मागे पडतं. इमारतीच्या आणि कुंपणाच्या कडेने १०-१५ च्या वर जाऊ नका. गाणी बंद, आणि काच चार बोटं खाली. वाहत्या पाण्याचा आवाज, जळकट वास, कुत्र्यांचं अचानक भुंकणं यातलं बंद काचेतून काहीही धड पोचत नाही.

रोज तोच रस्ता, तीच वेळ, हीही तशीच चूक. वाईट हेतूने पाळत ठेवणाऱ्याला तुमचं वेळापत्रक दोन-तीन रात्रींत पाठ होतं. राउंड कधी उलटा घ्या, आणि नुकत्याच तपासलेल्या जागी कधी दहा मिनिटांत परत जा.

डोळ्यांचंही सांभाळावं लागतं. अंधाराला ते पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या पडद्याकडे थोडा वेळ पाहिलं की ती सवय मोडते. डॅशबोर्डचा उजेड कमी ठेवा. पुढची काच आतूनही पुसा. आतल्या बाजूला बसलेल्या तेलकट थरामुळे समोरचा प्रत्येक दिवा पसरट दिसतो.

आता झोपेबद्दल. इथे माणसं जिवानिशी जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एका पहाटे चारच्या सुमाराला माझ्या गाडीचं पुढचं चाक दुभाजकावर चढलं. त्याआधी कुणी विचारलं असतं, तर मी पूर्ण जागा आहे असं छातीठोकपणे सांगितलं असतं. नंतर आठवायला लागलो, तर मागचे दोन पॉइंट केव्हा गेले तेच आठवेना. साधारण रात्री २ ते पहाटे ६ या वेळात शरीर झोपेकडेच ओढतं, मग दिवसा कितीही झोपलेलं असो. डोळे उघडे असतानाही काही सेकंदांची डुलकी लागू शकते. ताशी ६० च्या वेगाला चार सेकंदांत गाडी ६५ मीटरहून जास्त जाते, आणि तेवढा वेळ ती कुणीच चालवत नसतं.

तोंडावर पाणी मारणं, गाणी मोठ्याने लावणं, काच पूर्ण खाली करणं यांनी फार तर काही मिनिटं निभतात. मान झुकली, लेन सुटली, मागचं वळण आठवेना, की कंट्रोल रूमला कळवून उजेडातल्या जागी गाडी लावा. नियमात बसत असेल तर कॉफी घेऊन लगेच १५-२० मिनिटं डोळे मिटा. कॉफीचा अंमल चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो. मात्र ड्युटी संपत आल्यावर कॉफी नको, ती कित्येक तास अंगात राहते आणि दिवसाची झोप घालवते. शेडमध्ये किंवा बंदिस्त जागी इंजिन चालू ठेवून तर कधीच झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सुपरवायझरला ‘झोप येतेय’ सांगायची लाज वाटते, मलाही वाटायची. तरीही सांगा.

अलार्म वाजला की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो. खासगी गस्तीच्या गाडीला पोलिसांचे अधिकार नसतात. टपावर पिवळा दिवा फिरतोय म्हणून सिग्नल तोडता येत नाही. थेट दारापुढे जाऊन बाहेरची वाट अडवू नका, कारण कोपऱ्यात सापडलेला माणूस अंगावर येतो. अलीकडेच थांबा, गाडीचं तोंड परतीच्या दिशेला ठेवा, आधी वायरलेसवर जागा सांगा, मग उतरा. कुणी गाडीतून पळालं तर नंबर, रंग आणि दिशा टिपून घ्या. पाठलाग तुमचं काम नाही.

‘अर्ध्या मिनिटाचं काम आहे’ म्हणून किल्ली गाडीत ठेवून उतरू नका. दर दोनशे मीटरवर उतरायचंय म्हणून सीटबेल्ट पाठीमागून अडकवून ठेवणारेही पुष्कळ आहेत. बेल्टशिवाय एअरबॅग उघडली तर तीच इजा करू शकते.

गाडी सुरू होत नाही ही गस्तीतली नेहमीची तक्रार. स्टार्टर नुसतं टकटक करत असेल तर बहुधा बॅटरी उतरलेली असते. इंजिन बंद ठेवून टपावरचा दिवा, सर्चलाइट आणि चार्जर चालू राहिले की हे होतंच. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना आकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान हवा. तेव्हाही तो १२ वरच अडकला असेल, तर बॅटरी बदलून उपयोग नाही, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि त्याचा पट्टा बघा. आणखी एक, ऑइल नुसत्या किलोमीटरवर बदलू नका, कारण उभ्या गाडीचं इंजिन तासन्‌तास चालतं आणि मीटरवर ते दिसत नाही. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर (डीपीएफ) असलेली डिझेल गाडी सतत रखडत चालली की तो फिल्टर काजळीने भरतो. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागला की सुपरवायझरला सांगून गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग चालवून आणा. टायरमधली हवा थंड असतानाच बघा.

राहिलं रजिस्टर. ‘सर्व ठीक’ या दोन शब्दांनी पुढच्या शिफ्टला काहीच कळत नाही. ‘०२:४०, मागचं शटर, खालून वीतभर वर, आत दिवा नाही, कंट्रोलला कळवलं, ०२:५५ ला बंद करून घेतलं’ असं लिहा. तिथेच गाडीवरचा नवा ओरखडाही नोंदवा, आणि चार्ज घेताना गाडीभोवती एक फेरी टॉर्च लावून मारा, आधीचा ड्रायव्हर घाईत असला तरी.